धवळ्यातली मोकळी जागा

डोंबिवली (पूर्व)
शनिवार, १९ फेब्रुवारी १९९४

प्रिय गोदा,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. सात वर्षांत मास्तरांना आपली आठवण झाली ती नेमकी आजच कशी, असंही वाटलं असेल. वाटू दे. अकरावीत तू कालिदासाला भवभूतीचा धाकटा भाऊ करून टाकलं होतंस, ते मी आज काढत नाही. तूही माझी सात वर्षं काढू नकोस. सही पाहून पत्र बाजूला ठेवायची तुझी सवय मला ठाऊक आहे. एवढं एक पत्र मात्र शेवटपर्यंत वाच.

आवडाबाई मंगळवारी पहाटे गेल्या, हे तुला तारेने कळलंच आहे. तार मीच लिहून दिली होती. आज दुपारी दामाजीकाका तुझं कार्ड घेऊन कोपरीहून माझ्याकडे आले. सत्तरी उलटलेला माणूस, ठाण्याहून गाडीत उभा राहून आला, कारण घरातल्या पोरांनी वाचलं तर गावभर होईल असं त्याला वाटलं. तुझ्या कार्डावर तीन वाक्यं आहेत. यायला जमणार नाही. दहाव्याला माझी वाट पाहू नका. आणि तिसरं, जिने माझ्या लग्नात माझ्या मेलेल्या भावाला बोलावलं नाही, तिला मी कशाला निरोप देऊ. मी दोन वाक्यं वाचली आणि तिसरं गिळलं. काका म्हणाले, एवढंच? मग खाली ते काळं काळं काय लिवलंय? मी म्हटलं, पत्ता. ते कार्डाकडे बघत म्हणाले, येईल पोरगी, आयशीचं दहावं हाय. दुसऱ्याच्या मजकुरातलं नको ते गाळायचं आणि हवं ते घालायचं ही माझी जुनी खोड. त्या खोडीबद्दलच लिहायला बसलोय.

आधी इकडची हालहवाल सांगतो. भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये ती तुला कोण सांगणार? आवडाबाईंचा दमा दिवाळीपासूनच वाढला होता. मी महिन्यातून एकदा जायचो. तुझ्या घराच्या पडवीतून पूर्वी खाडी दिसायची, आता समोरच्या इमारतीचे जिने दिसतात. खाडीत मिळतं ते मासे कमी आणि रंग जास्त, असं दामाजीकाका म्हणतात. जाळी माळ्यावर गेली आहेत आणि पोरं कंपन्यांत. लग्नात हल्ली भटजी येतात, बँड येतो आणि एक माणूस माइकवरून पाहुण्यांची नावं पुकारतो. आवडाबाई पडवीत बसून ते ऐकायच्या. गावच्या लग्नांत गाणारी ही धवलारीण, पण तुझ्या लग्नानंतर त्यांनी एकाही मांडवात धवळा म्हटला नाही, हे तुला कोणी कळवलं होतं का? गावाला वाटलं आवाज गेला. आवाज चांगला ठणठणीत होता. शेजारच्या कोंबड्यांना हाकलताना मी स्वतः ऐकला आहे.

हे सगळं सुरू झालं तुझ्या एका प्रश्नाने. त्र्याऐंशी साल, तू बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. कॉलेजात कुणी तरी तुला 'धवलारणीची पोर' म्हणून चिडवलं, तर तू भांडायची सोडून माझ्याकडे डोंबिवलीला आलीस आणि दारातूनच विचारलंस, सर, धवळा म्हणजे नक्की काय? शब्द आला कुठून? आई म्हणते तसलं नको, पुस्तकातलं सांगा. माझ्यासारख्याला असा प्रश्न विचारणं म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत बसवणं. मी तुला दोन तास सोडलं नाही. धवल म्हणजे पांढरा, उजळ, म्हणून मंगल; लग्नात मंगल गायचं ते धवल, त्याचा धवळा. हे झालं सोपं. मग मी कपाटातून जुनं छंदशास्त्र काढलं. अपभ्रंश भाषेत कविता होत होत्या त्या काळी धवल नावाचा गीतप्रकारच होता. उत्तम बैलाला धवल म्हणत, आणि त्या बैलाचं निमित्त करून थोर पुरुषाची स्तुती गायची, तिला म्हणायचं धवल. पुढे तो थोर पुरुष आकसत आकसत नवरदेवाएवढा झाला. आपल्या भाषेतली अगदी जुनी, बायकांनी रचलेली लग्नगाणीही याच नावाची. म्हणजे तुझ्या आईच्या तोंडात सात-आठशे वर्षांचा शब्द जिवंत आहे आणि कॉलेजातल्या त्या दीडशहाण्याच्या तोंडात नुसती सुपारी, असं काहीसं मी म्हणालो होतो. तू हसलीस. तेव्हा हसायचीस.

पुढच्याच रविवारी मी वही घेऊन तुमच्या पडवीत हजर. आवडाबाई सोड्यांची पाखडणी करत होत्या. मी त्यांना बैलाची व्युत्पत्ती सांगितली. सूप न थांबवता त्या म्हणाल्या, मास्तर, नवऱ्याला बैल बोलायला पोथी कशाला लागतं? दामाजीकाका इतके हसले की बिडी पडली. मग मी विचारलं, तर तुम्ही सांगा, धवळा म्हणजे काय. त्या म्हणाल्या, धवळा म्हंजे बोलावनं. जे दिसतात त्यांना हलदीचं बोट लावून बोलवायचं, दिसत नाय त्यांना धवळा. मी ते वहीत लिहून घेतलं आणि पुढे कंसात नोंद केली: स्थानिक समजूत, आधार नाही. ती नोंद अजून माझ्या अक्षरात आहे. परवा काढून पाहिली.

तीन महिने रविवार-रविवार मी येत होतो. नुसतं बसून त्यांना गाताच येत नसे. हात कामात हवेत, आणि ओळ झेलायला शेजारी तू हवीस. त्यांनी एक ओढायची, तू दुसरी पुरी करायची. 'येवा खारीचे वाटेनं, पानी उतारलं, पाट मांडवान तुमचा मोकला ठेवला.' खाडीला खारी म्हणणाऱ्या त्या आवाजापुढे माझं छंदशास्त्र गुळगुळीत वाटायचं, पण मी मात्रा मोजायचं सोडलं नाही. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं उतरवून झालं. एकाच ठिकाणी अडलं. देव बोलावून झाले की त्या चार ओळींएवढा वेळ गप्प बसायच्या. ओठ हलायचे, सूर नसायचा. मग एकदम पुढचं कडवं. हे विचारायचं ठरवलं, नेमक्या त्या रविवारी तू परीक्षेच्या अभ्यासाला गेली होतीस. मी विचारलं, मधलं काय झालं? त्या म्हणाल्या, ते हितं नाय, मांडवात. मी पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला वाटलं, म्हातारी विसरली आहे आणि कबूल करायला लाजते आहे. पाठांतरात खंड पडला की वैदिकसुद्धा असाच खोकतो.

बाकीच्या गावांत रीत कशी आहे मला माहीत नाही. आवडाबाईंना त्यांच्या सासूने शिकवलेली, आणि मला फार उशिरा कळलेली रीत अशी, की त्या चार ओळींत ज्या घरचं लग्न त्या घरची गेलेली माणसं नावं घेऊन बोलवायची. आजा, पणजी, बाळंतपणात गेलेली सून, बुडालेला भाऊ. प्रत्येक घरी नावं वेगळी, म्हणून ती जागा मोकळी. आणि घर नसताना, मांडव नसताना, रविवारी सकाळी मास्तरच्या वहीसाठी मेलेली माणसं उगाच उठवायची नसतात. एवढी साधी गोष्ट, तुमच्या गावातल्या कुठल्याही पोरीने सांगितली असती. मी कुणालाही विचारलं नाही. तुझ्याशीही बोललो नाही. मी घरी आलो आणि त्या जागी स्वतः चार ओळी रचल्या. 'उमा-शंकर आले, आले गजवदन, मांडवी उतरले मंगल सदन.' वदनाला सदन! मात्रा चोख, अर्थ पातळ. शहाऐंशी साली इथल्या साहित्य मंडळाने बत्तीस पानांचं पुस्तक छापलं, पाचशे प्रती. त्या चार ओळींखाली मी बारीक टाइपात टीप दिली: खंडित भाग जुन्या हस्तलिखिताच्या आधारे पूर्ण केला आहे. पहिली प्रत आवडाबाईंना दिली. त्यांनी ती देव्हाऱ्यात ठेवून हळद-कुंकू वाहिलं. मला शाल मिळाली.

मधल्या काळात तुमच्या घरी काय घडलं ते तुला मी सांगणं म्हणजे आगाऊपणा. तरी लिहितो, कारण त्यातलं थोडं तुला ठाऊक नाही. तुझ्या भावाने, सहदेवने, जाळं सोडून शहाडच्या कारखान्यात नोकरी धरली, ठाकुर्लीला खोली घेतली. आवडाबाई भर अंगणात त्याला म्हणाल्या, खारीला पाठ दावलीस, आता या घराला तोंड दावू नको. तोही त्यांचाच मुलगा, त्याने दाखवलं नाही. तुझी पुस्तकं मात्र तोच घ्यायचा. माझ्याकडे यादी मागायला यायचा आणि संस्कृत नावं लिहून घेताना घामाघूम व्हायचा. पंच्याऐंशीच्या श्रावणात त्याला कावीळ झाली. तू आठ दिवस हॉस्पिटलात त्याच्या उशाशी होतीस, आईला निरोपावर निरोप पाठवत होतीस. ती आली नवव्या दिवशी, तो गेल्यावर, सगळं आटोपल्यावर. ते न आल्यासारखंच, असं तू धरून चाललीस. दामाजीकाका सांगतात, ती रोज सकाळी धुतलेलं लुगडं नेसून कोपरीच्या पुलापर्यंत जायची आणि परत यायची. घराला तोंड दावू नको म्हटलं ते मी, आता मी कुठल्या तोंडाने जाऊ, असं म्हणायची. आठही दिवस. हा हट्ट तुला कळला नसता असं नाही. तुझ्याही अंगात तो आहे.

सत्याऐंशीच्या वैशाखात तुझं लग्न. मी पुढच्या रांगेत, लोखंडी खुर्चीत, मांडीवर नारळ घेऊन बसलो होतो. आपल्या लेकीचा धवळा आपण म्हणायचा नाही, डोळे भरले की सूर मोडतो, म्हणून आवडाबाईंनी मनुबाईला बसवलं होतं. मनुबाई सातवी शिकलेली, नव्या धवलारणींत हुशार, आणि माझं पुस्तक तिला पाठ असूनही पानावर बोट ठेवून गाणारी. देव बोलावून झाले. तू हळदीच्या अंगाने पाटावर बसली होतीस, मान वर केलीस. मी पाहत होतो. तू वाट बघत होतीस. तुझे वडील, आजी, आणि मग सहदेव, अशा क्रमाने नावं यायला हवी होती. त्याऐवजी उमा-शंकर आले, गजवदन आले. तू आईकडे पाहिलंस आणि आईने मान खाली घातली. त्या खाली घातलेल्या मानेचा अर्थ तू त्याच क्षणी लावलास, आणि आजतागायत तोच धरून आहेस: पुस्तकात काही का असेना, मनुबाईला एक नाव सांगायला हिला काय झालं होतं? मेल्यावरही हिने त्याला घरात घेतलं नाही. पाठवणीच्या वेळी तू तिच्या पाया पडलीस, पण गळ्यात पडली नाहीस. त्यानंतर भुसावळहून एकही पत्र तिच्या नावाने आलं नाही. आली ती काकांच्या नावाने. ती वाचून दाखवायचो मीच, आणि त्या आतल्या खोलीत दाराला टेकून ऐकायच्या. काका मुद्दाम विचारायचे, आवडीबद्दल काय लिवलंय? मी म्हणायचो, नमस्कार सांगितलाय. तू कधीच सांगितला नव्हतास.

आता जे लिहायला हे पत्र घेतलं ते लिहितो. लग्नाच्या चार दिवस आधी, दुपारी, आवडाबाई माझ्या घरी आल्या होत्या. एकट्या, ठाण्याहून डोंबिवलीला, जन्मात पहिल्यांदा. स्टेशनपासून विचारत विचारत आल्या होत्या. हातात फडक्यात गुंडाळलेलं ते पुस्तक. बसल्या नाहीत. पान उघडून त्या चार ओळींवर बोट ठेवलं. वाचता येत नव्हतं, पण जागा बरोबर. म्हणाल्या, मास्तर, हितं माझे सहदेवचं नाव लिवा. मनू बुकाबाहेरचं अक्षर गात नाय, मी सांगून बघितलं. बुकात असंल तर गाईल. मी पेन उचलायचं होतं, एवढंच. पण नाव लिहायचं म्हणजे त्या ओळी खोडायच्या, आणि खोडायच्या म्हणजे कबूल करायचं की हस्तलिखित वगैरे काही नाही, ते मीच रचलंय. पुढच्याच आठवड्यात कल्याणच्या संमेलनात माझा त्यावर निबंध होता. मी त्यांना सांगितलं, हे जुन्या पोथीतलं आहे, त्यात माणसाचं नाव घालता येत नाही. त्यांनी विचारलं, पोथीत आमचे मेलेले मानसांना जागा नाय? मी म्हणालो, नाही. त्यांनी पुस्तक मिटलं. मग म्हणाल्या, बरोबर हाय. मीच त्याला घरातून घालवला, मंग पोथी तरी त्याला कशी घेईल. पुस्तक फडक्यात बांधलं आणि गेल्या. पाणीसुद्धा घेतलं नाही. पोथीने आपल्याला शिक्षा दिली असं समजून त्या मांडवात खाली मान घालून बसल्या, आणि सात वर्षं तुला एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, कारण शिक्षा योग्यच आहे असं त्यांना वाटत होतं. त्यांच्या मरणापर्यंत मला रोज ते खोटं आहे असं सांगता आलं असतं. मी महिन्यातून एकदा जायचो, चहा प्यायचो आणि यायचो. आज दुपारी तुझ्या कार्डातलं तिसरं वाक्य वाचलं तेव्हा कळलं, की ते माझ्याबद्दल लिहायला हवं होतंस. काकांना मी सगळं सांगितलं. ते उठले आणि चपला हातात घेऊन जिना उतरले. गोदा, तुझ्या आईने सहदेवला बोलावलं नाही असं नाही. ती त्याचं नाव घेऊन माझ्या दारात आली होती आणि मी तिला परत पाठवलं. गुरुवारी सकाळी सात वाजता खाडीवर दहावं आहे. मी तिथे नसेन. तू जा.

तुझाच (हा शब्द खोडायचा तर खुशाल खोड),
परशुराम मास्तर